अण्णांची मेथी आणि सोसायटीचं लॉन



टोमॅटोची बांधणी चालू आहे, म्हणून आठवडाभर पेजवर काही लिहिता आलं नाही. आजचं लिहिणं रानातलं नाही, पुण्यातल्या सातव्या मजल्यावरचं आहे. पण विषय आपलाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दीड वर्षापासून धाकट्या भावाकडे पुण्यात आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जुन्नरहून दर खेपेला नेणं-आणणं झेपेना, म्हणून तिकडेच ठेवलं. फ्लॅट चांगला आहे, लिफ्ट आहे, सून जीव लावते. पण उभा जन्म काळ्या रानात गेलेला माणूस सकाळी उठून करणार काय? गॅलरीत बसायचं आणि समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजायच्या.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी खाली कंपाउंडच्या भिंतीलगत, लॉन विरळ झालं होतं तिथं, चार फूट बाय दहा फुटांचा तुकडा खुरप्यानं उकरला. खुरपं माझ्याच पिशवीतून गेलं होतं, त्यामुळे गुन्ह्यात मीही सामील. माती कसली, भरावाचा मुरूम आणि विटांचे तुकडे. त्यात चहाचा चोथा, पालापाचोळा घातला आणि मेथी फोकली. पाचव्या दिवशी उगवून आली. मग फोनवर रोजचा रिपोर्ट. "आज दोन पानावर आली." "आज कुत्रं लोळलं, एक कोपरा गेला." डायलिसिस कसं झालं विचारलं तर "झालं" एवढंच. मेथीचं विचारलं की पाच मिनिटं.

बाविसाव्या दिवशी कमिटीनं माळ्याकडून ती उपटून घेतली. लॉन खराब दिसतं, आज यांनी लावलं, उद्या प्रत्येक जण लावेल, असं म्हणणं. कुणी भांडलं नाही. परवानगी घेतली नव्हती, हेही खरंच. पण अण्णा पुढे महिनाभर खाली उतरले नाहीत.

त्यांना ती मेथी खायचीसुद्धा नव्हती, मंडळी. पोटॅशियममुळे त्यांची पालेभाजी मोजून असते, तीही उकळून पाणी टाकून दिलेली. लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना एकेक जुडी द्यायची होती त्यांना. ओळख काढायची दुसरी रीतच माहीत नाही या माणसाला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. आपल्यातले किती म्हातारे असे शहरात जाऊन बसलेत? त्यांच्यासाठी बाक आहेत, नाना-नानी पार्क आहेत. पण हातात खुरपं घेऊन बसायला वाव नाही.

विलायतेत याची सोय कायद्यानं केलेली आहे. १९०८ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे गावातल्या सहा मतदारांनी मिळून भाजीच्या वाफ्यांसाठी जागा मागितली, तर स्थानिक संस्थेला ती मागणी विचारात घ्यावीच लागते. तिथला पारंपरिक तुकडा १० रॉडचा, म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा. आपल्या हिशेबानं बरोबर अडीच गुंठे! नाममात्र भाडं भरायचं आणि पिकवायचं.

आपल्याकडे अडीच गुंठे मागितले तर हसतील, म्हणून मी कमी मागतो. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. दोन-दोन फुटांच्या वाटा सोडल्या तरी अण्णांच्या मापाचे १५ वाफे बसतात. पंधरा घरांना एकेक. मोठ्या प्लॉटवर नियमाप्रमाणे १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, त्यातलाच एक कोपरा. महापालिकेच्या बागांतही असा कोपरा निघेल.

जमतं का, म्हणाल तर जमतं. द्राक्षवाल्यांना प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर सर नव्यानं सांगायला नकोत. त्यांच्याच विचारातून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटलांनी ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. जमीनसुद्धा नव्हती तिथं. उलट मुंबईतच रेल्वेनं आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांलगतची पडीक जमीन भाजीपाल्याला दिली होती. जागा होती, हात होते, पण बऱ्याच ठिकाणी पाणी नाल्याचं, म्हणून ती भाजी बदनाम झाली. तेव्हा पाण्याचं आधी ठरवा. प्रक्रिया केलेलं सांडपाणी झाडांना ठीक, पालेभाजीवर नको.

आमच्या शेजारच्या बांधावरच्या मित्राला हे सांगितलं तर तो उखडलाच. "शहरवाले मेथी पिकवायला लागले तर आपण काय करायचं? आधीच जुडी दोन रुपयाला जाते."

त्याचं अगदीच चूक नाही. शहराजवळच्या पालेभाजीवाल्याच्या चार जुड्या कमी खपतील. पण चाळीस चौरस फुटांत घर चालत नाही. कांदा, बटाटा, टोमॅटो आपल्याकडूनच जाणार. मला दुसरीच गोष्ट दिसते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा टीव्हीवर आरडाओरडा झाला, नेपाळहून आयात झाली. सप्टेंबरात तोच टोमॅटो रस्त्यावर ओतला, तेव्हा शहरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्यानं स्वतःच्या वाफ्यातल्या चार रोपांवर व्हायरस बघितलाय, पाऊस लागून फुलं गळताना बघितलीत, तो निदान भाव का चढला ते विचारेल. विचारेलच असं नाही. पण लॉनवर चालणाऱ्यापेक्षा त्याची शक्यता जास्त.

आता आमच्यापुरतं. भावानं कमिटीला रीतसर अर्ज दिलाय, एक गुंठा, पंधरा नावं. नऊ सह्या झाल्यात. त्यातल्या चौघांचे आई-वडील गावाकडून आलेले आहेत. येत्या रविवारी मीटिंग आहे. भावाला मी एवढंच लिहून दिलंय: भरावात थेट पेरू नका, विटांची कड लावून फूटभर उंच वाफा करा, त्यात पोयटा आणि कुजलेलं शेणखत. बिल्डिंगच्या उत्तरेची बाजू घेऊ नका, हिवाळाभर सावली राहते. पाच-सहा तास ऊन हवंच.

पुतणीला काम दिलंय. सकाळी आठपासून दर तासाला खाली जाऊन कंपाउंडच्या कोपऱ्यात ऊन आहे का सावली, ते वहीत लिहायचं. काल फोन केला तर म्हणाली, "काका, आजोबा पण येतात माझ्याबरोबर. वही तेच धरतात."

मेथीचं बी अर्धा किलो बाजूला काढून ठेवलंय. मीटिंगचं काय झालं ते सोमवारी कळवतो.