स्वग्राम

माणूस गाव सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर पुष्कळ गोष्टी निघतात. पण त्या सगळ्याच मुक्कामाला पोहोचतात असे नाही. पेहराव पहिल्या पिढीतच बदलतो. भाषा दुसऱ्या पिढीत अडखळू लागते आणि तिसऱ्या पिढीत आजीशी बोलण्यापुरती उरते. देव्हाऱ्यातले देव टिकतात, परंतु आरतीची चाल कोणती याविषयी घरात दुमत होऊ लागते. जिभेची गोष्ट मात्र निराळी. ती सर्वांत उशिरा शरण जाते. महाराष्ट्राबाहेर संसार मांडलेल्या आपणां मंडळींना हे कोणी समजावून सांगावयास नको. इंदूर असो, बडोदे असो वा हैदराबाद, डब्यातला गोडा मसाला तळाला लागला की घरातील वातावरण कसे बदलते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

अमेरिकेतील न्यू हेवन शहरात वूस्टर स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. दक्षिण इटलीतून पोट भरावयास आलेल्या मजुरांची ती जुनी वस्ती. फ्रँक पेपे या इटालियन माणसाने १९२५ साली तेथे भट्टी घातली आणि आपल्या मुलखातील गरिबांची भाकरी विकावयास आरंभ केला. आज त्या भाकरीस जग पिझ्झा म्हणून ओळखते, आणि त्या भट्टीपुढे सर्व देशांचे लोक रांग लावून उभे राहतात. हे आम्ही केवळ वाचलेले आहे. आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या कारकुनाला इटालियन वस्ती पाहावयास समुद्र ओलांडणे परवडणारे नाही. तथापि त्याच जातीची एक वस्ती आम्हांस उपनगरी गाडीच्या तिकिटात पाहावयास मिळाली. तिचे नाव बर्मा नगर. चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरच्या अलीकडे, एर्नावूर भागात ती आहे.

आमच्या कार्यालयातील एक सहकारी तिकडचेच. त्यांची आई रंगूनची. दुपारच्या सुट्टीत आमच्या डब्यातील थालीपिठाची चव घेऊन ते एकदा म्हणाले, “सार, तुमच्या गावचे आम्ही पुष्कळ खाल्ले. एका रविवारी आमच्या गावचे खावयास या.” आम्ही विचारले, “आपले गाव तर रामनाथपुरम जिल्ह्यात ना?” ते हसले आणि म्हणाले, “तो पत्ता झाला. गावचे खाणे निराळे.” या उत्तराने आमचे कुतूहल जागे झाले. त्याला आणखी एक कारण होते. ते पुढे येईलच.

रविवारी सौ. आणि आमची आठ वर्षांची कन्या यांना घेऊन आम्ही गुम्मिडिपूंडीच्या लोकलमध्ये बसलो. बेसिन ब्रिज, कोरुक्कुपेट, तोंडियारपेट, तिरुवोत्तियूर अशी एकामागून एक स्थानके मागे पडली. चेन्नई म्हणजे देवळे, संगीतसभा आणि मोगऱ्याचे गजरे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी या मार्गाने एकवार जावे. कारखान्यांच्या भिंती, तेलाच्या टाक्या, कंटेनर लादलेल्या गाड्यांच्या रांगा आणि मधूनच दिसणारी समुद्राची निळी चिंधी, असे या बाजूचे रूप आहे. एन्नोर हे एकेकाळी मद्रासच्या गोऱ्या साहेबांचे हवा पालटण्याचे ठिकाण होते, हे आज कोणास खरे वाटणार नाही. १९७० साली येथे औष्णिक विद्युत् केंद्र सुरू झाले आणि २०१७ साली ते बंद पडले. २००१ साली नवे बंदर झाले. कोसस्थलैयार नदी जेथे समुद्रास मिळते त्या खाडीत कोळी बांधव अद्याप जाळी टाकतात. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पुराबरोबर याच खाडीत तेलाचा तवंग पसरला तेव्हा त्या जाळ्यांची काय दशा झाली, ते सहकाऱ्यांनी आम्हांस खाडीकाठी उभे राहून सांगितले. एन्नोर पाहून आम्ही शेअर रिक्षाने मागे एर्नावूरला आलो.

बर्मा नगर पाहून प्रथम थोडी निराशाच झाली. घरे साधी, बोळ अरुंद, दारांपुढे कोलम काढलेले, पाट्या तमिळ. ब्रह्मदेशाची खूण म्हणावी असे काही दिसेना. पण सायंकाळचे पाच वाजले, एका कोपऱ्यावर निळी ताडपत्री ताणली गेली, तिच्याखाली एक मोठी परात मांडली गेली, आणि तळलेल्या लसणाचा असा काही वास सुटला की आमच्या कन्येने आमचा हात सोडला व ती सरळ तिकडे चालू लागली.

दुकानाची मालकीण सत्तरीच्या घरातील एक आजीबाई. आमचे सहकारी त्यांना अत्तै म्हणत. आमच्या कन्येने त्यांना पाहताक्षणी पाट्टी करून टाकले. त्यांच्या पदार्थाचे नाव अथो. परातीत केशरी रंगाचे उकडलेले नूडल्स, त्यांवर बारीक चिरलेला कोबी व कांदा, मग तळलेला लसूण, भाजलेल्या मिरचीचे कूट, चिंचेचा कोळ, मीठ आणि लसणाचेच तेल. शेवटी बेजो नावाची कुरकुरीत पुरी हातानेच चुरडून घालावयाची आणि सारे हातानेच कालवावयाचे. भेळवाल्याचे कसब डोळ्यांपुढे आणावे. मात्र भेळवाला घाई करतो, पाट्टी घाई करीत नव्हत्या. बरोबर केळीच्या गाभ्याचे वाफाळते सूप, आणि पोट चिरून आत तळलेला कांदा व चिंचेचे पाणी भरलेले उकडलेले अंडे. नूडल्स आणि सूप मागच्या अंगणात लाकडाच्या चुलीवर शिजत होते. त्या धुराची किंचित् चव सुपाला होती. आमच्या सौ.नी पहिल्या घासालाच विचारले, “यात गूळ का नाही?” यावरून त्या मूळच्या कोठल्या हे सुज्ञ वाचकांनी ओळखावे.

ब्रह्मी भाषेत ‘अथौक’ म्हणजे कालवलेले. आपणही कालवण हा शब्द वापरतोच. ब्रह्मदेशात असे कालवलेले पदार्थ अनेक प्रकारचे असतात, आणि तेथील मोहिंगा नावाच्या प्रसिद्ध सुपात मासळी मुख्य असते. येथील सुपात मासळी नव्हती. आम्ही कारण विचारले. पाट्टी म्हणाल्या, “येथल्या गिऱ्हाइकाला चालेल तसे केले. रंगूनचा माणूस हे खाऊन हसेल. आणि मद्रासचा माणूस म्हणतो, हे खास बर्माचे!” असे म्हणून त्या स्वतःच हसल्या.

पाट्टींचा जन्म रंगूनचा. वडील भातगिरणीत हिशेबनीस. त्या काळचे रंगून हे अर्धेअधिक हिंदी लोकांचे शहर होते; १९३१ च्या शिरगणतीत तेथील निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी निघाली होती. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून शासकीयदृष्ट्या वेगळा झाला. १९४२ साली जपानी फौजा आल्या, तेव्हा लाखो माणसे आराकानच्या व मणिपूरच्या डोंगरांतून पायी निघाली आणि हजारो वाटेतच मेली. जे मागे राहिले वा युद्धानंतर परतले, त्यांची घडी पुन्हा बसत होती, तोच १९६२ च्या मार्चमध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. १९६४ साली दुकाने व व्यापार सरकारजमा झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पन्नास व शंभर क्यॅटच्या नोटा रद्द ठरल्या. सोनेनाणे बाहेर नेण्यावर कडक बंधने होती. त्यानंतर हिंदी कुटुंबे बोटी भरभरून मद्रासच्या धक्क्यावर उतरू लागली. पाट्टी त्यांतल्याच एका बोटीने १९६५ साली आल्या. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या.

या आलेल्या लोकांना सरकारी कागदांत काय म्हणावे, असा प्रश्न उपस्थित झाला असणार. निर्वासित म्हणता येईना, कारण ते तर आपलेच. तमिळमध्ये त्यांना ‘तायगम् तिरुम्बियोर’ असे नाव मिळाले, म्हणजे मायदेशी परतलेले. आमचे सारे आयुष्य कागदांवरील शब्दांत चालले असल्यामुळे हा शब्द ऐकून आम्ही थबकलो. पाट्टींनी तो शांतपणे उलगडला. “कागद म्हणत होता, तुम्ही परत आलात. मी कधी येथे आलेच नव्हते, तर परत कशी येईन? धक्क्यावर बाबा रडले. आम्हांला वाटले, गाव दिसले म्हणून रडले. पुढे कितीतरी वर्षांनी कळले, गाव सुटले म्हणून रडले.”

शहरात समुद्रासमोरच्या रस्त्यावर याच लोकांनी १९६० च्या दशकात दुकाने थाटली. तोच आजचा बर्मा बाजार. काही जणांना येथे करमेना. ते जमिनीच्या वाटेने परत ब्रह्मदेशी जावयास निघाले आणि मणिपूरच्या सीमेवर, मोरे येथे अडकून पडले. पुढे जाता येईना, मागे यावेसे वाटेना. मग तेथेच त्यांनी तमिळ वस्ती केली आणि देऊळ बांधले. परतलेल्यांनी पुन्हा परतावयास निघावे आणि अर्ध्या वाटेला घर करावे, याहून विचित्र प्रवास आम्ही तरी ऐकलेला नाही.

बोलता बोलता मंडालेचा विषय निघाला आणि आमच्या तोंडून आपोआप लोकमान्यांचे नाव गेले. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते आणि गीतारहस्य तेथेच लिहिले, हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले. पाट्टींनी आदराने ऐकून घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. त्या म्हणाल्या, “मंडाले म्हणजे माझ्या मामाचे गाव.” मराठी माणसाला ज्या नावाने तुरुंगाची भिंत दिसते, त्याच नावाने या बाईंना आजोळ दिसत होते.

मग आम्ही थिबा राजाची गोष्ट सांगितली. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याला पदच्युत करून आधी याच मद्रासेत आणले, काही महिने येथे ठेवले आणि १८८६ साली रत्नागिरीस धाडले. तेथेच तो १९१६ साली वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली, तेथेच नांदली, आणि राजाची ही नात चारचौघींसारखी मराठी बोलत असे. पाट्टींनी नूडल्स कालवण्याचे थांबवून विचारले, “तिला परत जावेसे वाटले नाही?” आम्ही उत्तर दिले नाही. ज्या मुलीने मंडाले पाहिलेच नाही ती परत कोठे जाणार, हे पाट्टींना आम्ही काय सांगावे?

येथे ते दुसरे कारण सांगणे प्राप्त आहे. केंद्र सरकारच्या नोकराच्या सेवापुस्तकात स्वग्रामाची नोंद असते. रजेच्या प्रवासाची सवलत त्या नोंदीवर मिळते. ही नोंद एकदा केली की कायमची. फार तर संपूर्ण सेवेत एकदाच, आणि तीही विभागप्रमुखाच्या मान्यतेने, बदलता येते. आमच्या पुस्तकात ‘वाई, जिल्हा सातारा’ असे लिहिले आहे. वाईचे घर दोन वर्षांपूर्वी भाऊबंदांच्या संमतीने विकले गेले. घाटावर बसावयास कोणाची ना नाही, पण रात्री पाठ टेकावयास हक्काची ओसरी उरलेली नाही. त्या महिन्यात सेवापुस्तके तपासून घेण्याचे परिपत्रक निघाले होते. सौ.चे म्हणणे असे की आता पुणे लावावे. तेथे त्यांचे बंधू आहेत, मुलगी सुट्टीत तेथे गेली तर तिचे मराठी तरी राहील. मुलगी परवा शाळेतून येऊन म्हणाली होती की बाईंनी ‘सोन्द ऊर’ विचारले आणि तिने एग्मोर सांगितले. तेव्हापासून सौ. अस्वस्थ होत्या. आम्हीही होतो, परंतु कारकुनाने अस्वस्थता फायलीत ठेवावयाची असते.

निघताना पाट्टींनी कन्येला विचारले, “उन ऊर एदु, कण्णू?” तुझे गाव कोणते, बाळ? आम्ही दोघेही कानांत प्राण आणून ऐकत होतो. तिने तोंडातला घास संपवला, थोडा विचार केला आणि विचारले, “एकच सांगायचे का?” पाट्टी खूप वेळ हसत राहिल्या. मग त्यांनी बेजोची एक पुडी बांधून तिच्या हाती दिली आणि पैसे घेण्याचे साफ नाकारले.

परतीच्या गाडीत सौ. बराच वेळ गप्प होत्या. विम्को नगर गेल्यावर त्या म्हणाल्या, “वाई राहू द्या.” आम्ही कारण विचारले नाही. तेवढ्यात त्यांनीच सांगितले, “बदल एकदाच करता येतो ना? मग तो आज कशाला खर्च करायचा? पोर मोठी होऊन काय म्हणते ते पाहू.” सोळा वर्षांच्या नोकरीत इतका नियमाला धरून आणि इतका शहाणपणाचा अभिप्राय आम्ही कोणत्याही फायलीवर वाचलेला नाही.

सोमवारी सेवापुस्तक टेबलावर आले. आम्ही जुनी नोंद वाचली आणि तपासल्याची सही केली. त्याच आठवड्यात आमच्या घरी अथो झाला. बेजो पाट्टींचा, लसूण येथल्या मंडईतला, आणि सौ.नी त्यात हळूच गूळ घातला. रंगूनचा माणूस हसला असता, मद्रासचाही हसला असता. कन्येने मात्र दोनदा वाढून घेतला, आणि मैत्रिणींना देण्यासाठी डब्यात भरून मागितला.