गंजीचा हिशेब

दिवाळी सरते, डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडू लागतं आणि घोडा बाळगणाऱ्याला पुढच्या चार महिन्यांचा बेत आखावा लागतो. बहुतेकांच्या मनात आधी येते ती चंदी. भिजवलेला हरभरा, भरडलेले जव, वर गुळाचा खडा. थंडीत जनावराच्या पोटात काही गरम जावं, ही माया त्यामागे असते. माया खरी आहे, पण घोड्याला ऊब दाण्यातून फारशी मिळत नाही. ती मिळते गवतातून.

घोड्याचं जठर देहाच्या मानानं अगदी लहान, 8 ते 15 लिटरांचं. खरं काम चालतं त्याच्या पुढं, शंभराहून अधिक लिटर मावणाऱ्या अंधनलिकेत आणि मोठ्या आतड्यात. तिथले असंख्य सूक्ष्मजीव चोथा आंबवत राहतात आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. वैरण पडत राहिली की ही शेगडी रात्रभर धगधगते. निफाडला पारा 5-6 अंशांवर उतरला की वर्तमानपत्रं बातमी देतात, पण हिवाळी लव चढलेला, कोरडा, वाऱ्याच्या आडोशाला उभा असलेला घोडा एवढ्या थंडीनं डगमगत नाही. अशा रात्री त्याच्यापुढं गवताची एक पेंढी जास्त टाकावी, एवढंच.

म्हणून बेताची सुरुवात गंजीपासून. 400 किलोच्या घोड्याला वजनाच्या 2 टक्के, म्हणजे रोज 8 किलो सुकी वैरण धरली, तर दिवाळीनंतरच्या 120 दिवसांत 960 किलो लागते. तुडवलेलं, भिजलेलं, बुरशी धरलेलं वजा जातं, म्हणून गंजी टनाच्या वरच रचावी. पवन्या, मारवेल फुलोऱ्यात कापलेला असेल तर उत्तम. उभा वाळून काडी झालेल्या गवतात कस उरत नाही आणि कुसळीची टोकं हिरड्यांत रुततात. रब्बीच्या टापूत या दिवसांत हिरवी ज्वारी डोळ्यांना फार मोहवते. पण कोवळ्या, पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत सायनाइडचा धोका असतो; घोड्याला त्या रानापासून लांबच ठेवावं.

हा हिशेब या मातीला नवा नाही. 1670 च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना धाडलेलं पत्र रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात दाणावैरणीची चिंता ओतप्रोत भरलेली आहे. ऋतू तिथं पावसाळ्याचा, काळजी मात्र हीच. जमवलेला दाणा-गवत आताच मनमानी उधळलात, तर भर पावसात काही उरणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, असं त्यांनी बजावलं. दिव्याची पेटती वात उंदीर पळवील आणि गवताला आग लागेल, इथवर त्यांची नजर पोचली होती. गंजी संपली की स्वार कुणब्याच्या दारी जातो, हे ओळखूनच त्यांनी रयतेचं रक्षण वैरणीच्या हिशेबाला बांधलं. राज्यकारभाराच्या कागदात घोड्याच्या तोंडच्या घासाचा इतका बारीक विचार क्वचितच सापडेल.

पाण्याचा विचार अनेकदा राहून जातो. सुकी वैरण खाणाऱ्या घोड्याला दिवसाला 20-30 लिटर पाणी हवं, आणि गारठलेलं पाणी तो कमी पितो. मग आतड्यात चोथा घट्ट होऊन अडकतो, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून हे दुखणं जिवावर बेततं. पहाटे बादलीत थोडं कोमट पाणी मिसळणं आणि चंदीत मीठ घालणं, ही त्यावरची साधी खबरदारी.

वरातीच्या घोड्यांचं गणित आणखी निराळं. तुळशीच्या लग्नानंतर त्यांची धावपळ सुरू होते, तेव्हा दाणा वाढवावाच लागतो. पुढं पौष येतो, मुहूर्त थांबतात आणि घोडं थानावर नुसतं उभं राहतं. तोबरा मात्र सवयीनं तेवढाच भरला जातो. असं दाण्यावर पोसलेलं, बसून राहिलेलं घोडं एकदम कामाला जुंपलं की पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणावा आणि गवत तेवढंच ठेवावं. हिवाळी केसांखाली देह फसवा दिसतो, म्हणून डोळ्यांवर न विसंबता बरगड्यांवरून हात फिरवून अंगावरचं मांस पारखावं.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. राजस्थान, पंजाब, गुजरातेतून घोडे येतात. खरेदीदार चाल पाहतात, भोवरे पाहतात, दात पाहतात. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारायला हवी: हा आजवर काय खात होता? पोटातले सूक्ष्मजीव जुन्या वैरणीला सरावलेले असतात आणि नव्या दावणीला आल्याबरोबर सगळंच बदललं की ते कोलमडतात. विकणाऱ्याकडूनच आठवडा-दहा दिवसांची वैरण घोड्याबरोबर गाडीत चढवून घ्यावी, रोज त्यात घरचं गवत थोडं थोडं वाढवत न्यावं आणि नवा दाणा त्यानंतर, मूठमुठीनं सुरू करावा.