टोकदार

परवा माळा आवरताना बाबांचे जुने बूट सापडले. काळे, पुढे चांगलेच टोकदार! 1960च्या आसपास इंग्लंडमधली पोरं असले बूट घालून मिरवायची. ही हौस मात्र फार जुनी. 1463 साली तिथे कायदाच झाला, की सरदारांखालच्या कुणाच्या बुटाचं टोक दोन इंचांपुढे जायला नको. आणि किंमत? केंब्रिजला उकरलेल्या सांगाड्यांत, 14व्या-15व्या शतकातल्या 27 टक्के लोकांचे अंगठे वाकडे निघाले. त्याआधीच्यांत 6 टक्केच.

बाबांचाही अंगठा वाकडा आहे. मला वाटायचं, जन्मापासूनच असेल.

"बाबा, चावायचे नाहीत हे?"

"चावायचे की! पण बघायला गेलो तेव्हा तुझी आई मान खाली घालून बसलेली. तिला दिसणार काय, बूटच ना?"

आई असती तर लाजली असती. असो. बूट पुसून ठेवलेत, माळ्यावर नाही, बाहेर.