सायकलवर पोट भरणाऱ्या स्त्रिया

शाळेच्या वार्षिकांत शिक्षकांनीं लिहावयाचें तें वाचन, वक्तशीरपणा किंवा परीक्षेची तयारी यांविषयीं, असा प्रघात आहे. यंदां तो मोडून सायकलींच्या शर्यतींविषयीं लिहिण्याचें मीं योजिलें आहे. आपल्या सायकलखान्यांत मुलींच्या सायकली आतां पुष्कळ दिसतात. परंतु सायकल हें एखाद्या स्त्रीच्या उपजीविकेचें साधन होऊं शकतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. नववीच्या वर्गांत एकदां मी फ्रान्समधील स्त्रियांच्या शर्यतीची हकीकत सांगत असतां एका मुलीनें विचारलें, “बाई, त्यांना पगार कोण देतो? आणि त्यानें दिला नाहीं तर?” दोन्ही प्रश्न मोठे मार्मिक वाटले. त्यांचें उत्तर शोधतांना जें हातीं आलें, तें येथें सादर करितें.

इ. स. १९२४ मध्यें अल्फोन्सिना स्त्रादा ही इटालियन स्त्री पुरुषांच्या ‘जिरो दीताल्या’ शर्यतींत उतरली, तेव्हां तें एक नवलच गणलें गेलें. स्त्रियांसाठीं जागतिक अजिंक्यपदाची रस्त्यावरील शर्यत १९५८ सालीं सुरू झाली. ऑलिंपिकमध्यें प्रवेश मिळावयास १९८४ साल उजाडलें. शर्यती मिळाल्या, परंतु त्यांवर पोट भरेना. अनेक जणी दुसरी नोकरी संभाळून उरल्या वेळांत सराव करीत.

याचें एक कारण या खेळाच्या स्वरूपांतच आहे. रस्त्यावरील शर्यतीला तिकीट लावितां येत नाहीं. प्रेक्षक वाटेच्या कडेला फुकट उभे राहतात. त्यामुळें संघाचा बहुतेक खर्च एखादा कारखाना, पेढी किंवा सायकली बनविणारी कंपनी उचलते, आणि तिचें नांव संघाला मिळतें. आश्रयदात्याचें मन फिरलें, कीं संघ उघडा पडतो.

म्हणून परवान्याची गरज. स्वित्झर्लंडमधील एग्ल येथें ठाणें असलेली आंतरराष्ट्रीय सायकल संघटना १९०० सालीं स्थापन झाली. तिनें २०१६ सालीं स्त्रियांच्या मोठ्या शर्यतींची ‘वर्ल्ड टूर’ ही मालिका सुरू केली, आणि २०२० पासून संघांचे दोन वर्ग पाडले. त्या वर्षीं अव्वल वर्गांत आठ संघ होते. २०२३ मध्यें ते पंधरा झाले. २०२५ सालीं दोहोंच्या मध्यें आणखी एक वर्ग घालण्यांत आला.

अव्वल वर्गाचा परवाना मागणाऱ्या संघाची परीक्षा पांच विषयांत होते : खेळांतील कामगिरी, नीतिमत्ता, प्रशासन, पैसा आणि कामाची व्यवस्था. खेळाडू कितीही नामांकित असल्या, तरी हिशेब डळमळीत असल्यास परवाना नाकारतां येतो. प्रत्येकीशीं लेखी करार करावा लागतो. बँकेची हमी द्यावी लागते. वेतन थकलें तर त्या हमींतून तें फेडतां यावें, हा तिचा हेतु. किमान वार्षिक वेतन २०२० मध्यें १५,००० यूरो होतें. २०२३ मध्यें तें ३२,१०२ यूरो, म्हणजे पुरुषांच्या दुसऱ्या वर्गाइतकें झालें. बाळंतपणाच्या रजेंत पहिले तीन महिने पूर्ण व पुढील पांच महिने अर्धें वेतन द्यावें, असाही नियम झाला.

संघाचा संसारही पाहण्याजोगा असतो. संचालक मोटारींतून मागोमाग येतो व बिनतारी यंत्रावरून सूचना देतो. सायकली दुरुस्त करणारे, अंग रगडणारे आणि डॉक्टर अशीं मंडळी असतात. २०२३ च्या फ्रान्समधील शर्यतींत सात-सात जणींचे बावीस संघ होते. सात जणींत प्रमुख एखादीच. बाकीच्या तिच्यापुढें राहून वारा अडवितात, तिला पाण्याच्या बाटल्या आणून देतात. ही साथ मिनिटांचा हिशेब बदलते. २०२४ सालीं देमी वॉलरिंग ही पांचव्या टप्प्यांत पडली व मागें राहिली. त्याच दिवशीं तिच्याच संघांतील ब्लांका वाश हिनें तो टप्पा जिंकला. पुढें वॉलरिंगनें शेवटचा डोंगरी टप्पा मारला, तरी सबंध शर्यत ती अवघ्या चार सेकंदांनीं हरली, व काशा नेविआदोमा विजयी झाली.

नियम झाले म्हणून सर्व आलबेल झालें असें मात्र नव्हे. फ्रान्सची राष्ट्रीय विजेती ऑद्रे कॉर्दों-रागो हिनें २०२३ करितां ज्या नव्या संघाशीं बोलणें केलें होतें, तो पैशाअभावीं २०२२ च्या डिसेंबरांतच बारगळला. ती झाफ नांवाच्या स्पॅनिश संघांत गेली. हा संघ खालच्या वर्गांतील होता. तेथें वेतन थकल्याच्या तक्रारी झाल्या, खेळाडू एकामागून एक सोडून गेल्या, आणि त्याच वर्षीं संघटनेनें त्याची नोंदणी काढून घेतली. कॉर्दों-रागोला कांहीं महिन्यांत तिसरें दार ठोठवावें लागलें. नामांकित विजेतीची ही गत, तर नवख्या मुलीची काय होत असेल! किमान वेतनाचा नियम अगदीं खालच्या वर्गापर्यंत पोंचलेला नाहीं. अशा अडचणींत खेळाडूंची बाजू मांडावयास २०१७ मध्यें स्त्री-सायकलस्वारांनीं ‘सायक्लिस्ट्स अलायन्स’ ही स्वतःची संस्था काढली.

पालकांस माझी विनंति एवढीच, कीं आपल्या मुलीनें खेळाचा किंवा दुसरा एखादा अपरिचित व्यवसाय पत्करावयाचा म्हटलें, तर “लोक काय म्हणतील” हा प्रश्न मागें ठेवावा. करार लेखी आहे काय, पगार कोण देणार, आजारपणांत काय होणार, आणि देणारा पळाला तर हमी कोणाची, हे प्रश्न तिच्याबरोबर बसून विचारावे. आणि मुलींनो, तुम्हीं हे प्रश्न विचारावयास लाजूं नये. सही करण्यापूर्वीं कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. समजला नाहीं तर समजलेल्या माणसाकडे न्यावा. सायकल चालवावयास पायांत बळ लागतें. तिच्यावर संसार चालवावयाचा तर हा कागदही तितकाच भक्कम हवा.