अण्णांचं पॉप

परवा रात्री जेवण उरकून मेसमधून खोलीवर येत होतो, तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन. घरी नवा कॉम्प्युटर आलाय आणि तो चालू करायचं काम तिनं स्वतःकडे घेतलंय. "बाबा, थंडरबर्ड विचारतंय, आयमॅप की पॉप थ्री? काय दाबू?"

इथं अरुणाचलात फॅमिली आणता येत नाही, त्यामुळे घरातले असले निर्णय फोनवरच होतात. एरवी मी तिथल्या तिथे "आयमॅप" म्हणून मोकळा झालो असतो. पण म्हणालो, "थांब, जरा विचार करून सांगतो." त्यावर ती हसली. तिच्या मते हा विचार करण्याचा विषयच नव्हे.

आधी फरक सांगतो. माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, आणि नावाप्रमाणेच त्याचं काम. फील्डमध्ये डाक येते, तुमचं पत्र तुमच्या हातात पडतं, आणि त्यानंतर पोस्टात त्याचं काही उरत नाही. पॉपही सर्व्हरवरची मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतं आणि मागची पुसून टाकतं, 'प्रत सर्व्हरवर ठेवा' अशी खूण तुम्ही केली नसेल तर. आयमॅपची पद्धत युनिटच्या ऑफिसातल्या फायलीसारखी. फाइल कपाटातच राहते. तुम्ही बघा, मी बघतो, दोघांना तेच कागद दिसतात. कुणी एक कागद फाडला तर तो सगळ्यांसाठीच फाटला. हे शेवटचं वाक्य मला फार उशिरा कळलं.

साताऱ्याच्या घरी अण्णांनी २००५ साली कॉम्प्युटर घेतला. तेव्हा मी लडाखमध्ये होतो. द्वारा ५६ एपीओ असा पत्ता घातलेली त्यांची इनलँड पत्रं मिळायला कधी आठ दिवस लागत, कधी वीस. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं त्यांना थंडरबर्ड लावून दिलं, पॉपवर. त्या काळी ते शहाणपणाचंच होतं. घरी डायल-अप कनेक्शन, लाइन जोडली की मीटर सुरू. अण्णा हाडाचे शिक्षक. ते फोन न जोडता सावकाश पत्र लिहीत, दोनदा वाचत, मग लाइन जोडून पाठवत, आलेली मेल उतरवून घेत आणि लगेच लाइन तोडत. उतरलेलं पत्र संध्याकाळी आईला वाचून दाखवायचं. सुरुवातीला त्यांना देवनागरी टाइप करता येत नसे, म्हणून रोमन अक्षरांत मराठी. ते वाचताना माझी बोबडी वळायची, पण कुणी दुसऱ्यानं चोरून वाचायची भीती नव्हती.

मी महिन्या-दोन महिन्यांनी लेहला उतरलो की सायबर कॅफेत बसून सगळी एकदम वाचायचो.

२००९ च्या सुट्टीत मी घरी शहाणपणा शिकवायला गेलो. त्यांचं खातं माझ्या लॅपटॉपवर लावून दाखवलं, तेही चुकून पॉपवरच. परिणाम असा की त्यांची दोन दिवसांची टपाल माझ्या लॅपटॉपमध्ये आली आणि त्यांचा इनबॉक्स कोरडा. पॉपमध्ये जो आधी पोचेल त्याची डाक. अण्णा वैतागले. मी म्हणालो, "म्हणूनच सांगतोय, आता आयमॅप लावू. कुठूनही उघडा, सगळं दिसेल." ते म्हणाले, "मला कुठून उघडायचंय? मी घरातच असतो. माझी पत्रं माझ्या घरात असू देत."

मी मनातल्या मनात त्यांना जुनाट ठरवलं.

मी स्वतः तोवर आयमॅपवर गेलो होतो. पुढं स्मार्टफोन आला. एकदा झाशी स्टेशनवर गाडी चार तास लेट, मेलबॉक्स भरल्याची सूचना आलेली. बसल्या बसल्या फोनवरून जुनं सगळं निवडून काढलं, ट्रॅशसुद्धा रिकामा केला. फोनमधून काढलं म्हणजे फोनमधून गेलं, लॅपटॉपवर आहेच, अशी माझी समजूत. घरी येऊन लॅपटॉप नेटला जोडला आणि तोही आज्ञाधारकपणे रिकामा झाला. लॅपटॉपमध्ये होती ती नुसती सावली, सर्व्हरवर काही उरलं नाही तशी तीही गेली. अण्णांची सहा वर्षांची पत्रं त्यात होती. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही.

अण्णा २०१६ मध्ये गेले. पुढच्या वर्षीच्या सुट्टीत त्यांचं खातं उघडून पाहिलं, तर वापर नाही म्हणून ते बंद झालेलं. माळ्यावर जुना कॉम्प्युटर होता. त्याचा पॉवर सप्लाय जळालेला. हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली, लॅपटॉपला जोडली. थंडरबर्डच्या फोल्डरमध्ये 'इनबॉक्स' आणि 'सेंट' अशा दोन मोठ्या फायली सापडल्या. साध्या नोटपॅडमध्ये उघडल्या. नंतरची देवनागरी पत्रं म्हणजे काही ठिकाणी नुसती अक्षरांची खिचडी होती (थंडरबर्डमध्ये ती पुढे नीट दिसली), पण ती रोमन लिपीतली सुरुवातीची पत्रं जशीच्या तशी समोर. आईचा गुडघा, नळाचं पाणी, माझ्या प्रत्येक पत्राला तारीखवार उत्तर. माझी पत्रंही होती. त्यांच्या मानाने फारच तोकडी.

तर लेकीला काय सांगायचं? शेवटी आयमॅपच सांगितलं, पोर्ट ९९३. तिचा फोन, आईचा फोन, माझा इथला लॅपटॉप, सगळीकडे तीच टपाल दिसायला हवी, तिथं पॉपचं काम नाही. पॉप फक्त इनबॉक्स उचलतं; फोनवरून पाठवलेली उत्तरं किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये हलवलेली मेल त्याच्या हाती लागत नाहीत. पण आयमॅपला घरातली प्रत समजू नकोस, असंही बजावलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी महत्त्वाची मेल निवडायची आणि थंडरबर्डच्या डाव्या बाजूला सगळ्यात खाली 'लोकल फोल्डर्स' असतं, त्यात कॉपी करायची. 'मूव्ह' नाही, 'कॉपी'. तिथं ठेवलेलं सर्व्हरला माहीतच नसतं, त्यामुळे झाशी स्टेशनवरून कुणी काही केलं तरी ते हलत नाही. आणि सहा महिन्यांनी ते सगळं एका बाहेरच्या डिस्कवर.

"एवढं सगळं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आजोबांची डिस्क कपाटात आहे ना? तीपण यातच घालू?"

घाल म्हटलं. रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: झालं. आणि त्याखाली, बाबा, तुम्ही आजोबांना नेहमी दोनच ओळी का लिहायचात?