घोडे खाई भाडे : अड्यारच्या वाळूवरचा वर्षाचा हिशोब

संध्याकाळचे साडेपाच वाजले की चेन्नईच्या दक्षिणेकडच्या अड्यार, बेझंट नगर भागातली माणसे समुद्राकडे वळू लागतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला इथे पहिला चकवा बसतो. जुहूला सूर्य समुद्रात बुडतो, इथे तो पाठीमागच्या इमारतींआड जातो आणि समोरचा समुद्र हळूहळू काळसर होत जातो. खोबरे घातलेली वाटाण्याची सुंडल, गरम मिरचीची भजी, भाजलेली कणसे, फुगेवाले असा सारा थाट असतो आणि त्यात वाळूवरून मंद चालीने येणारा एखादा घोडा. पाठीवर रंगीत खोगीर, हाती लगाम धरलेला त्याचा मालक.

मग एखाद्या मराठी कुटुंबातला सात-आठ वर्षांचा मुलगा फेरी मारून खाली उतरतो आणि विचारतो, "बाबा, आपण घोडा घेऊ या का?" बाबा हसतात. आई म्हणते, "आधी अभ्यास कर." प्रश्न तिथेच संपतो. पण तो तसा गमतीचा नाही. घोडा विकत घेणे एक वेळ जमेल, त्याला वर्षभर पोसायचे म्हणजे काय? आपल्याकडे म्हण आहे, 'घोडे खाई भाडे'. घोड्याने जे कमवायचे ते त्यानेच खाऊन टाकायचे! ही म्हण खरी की खोटी, हे पाहायला अड्यारच्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही.

नदी, वड आणि वाळू

अड्यार हे नाव इथल्या नदीचे. ती जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण, झाडीने भरलेले आवार आहे. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट यांनी १८८२ साली ही जागा घेतली. पुढे डॉ. अ‍ॅनी बेझंट इथेच राहिल्या आणि शेजारच्या वस्तीला त्यांचे नाव मिळाले. आवारातला शेकडो वर्षांचा वटवृक्ष प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ खोड १९८९ च्या वादळात कोसळले, पण पारंब्यांच्या आधाराने वड उभाच आहे. आवारात ठराविक वेळीच प्रवेश मिळतो, तेव्हा आधी चौकशी करून जावे.

तिथून थोडे दक्षिणेला गेले की इलियट्स बीच. बुडणाऱ्यांना वाचवताना १९३० साली प्राण गमावलेल्या कार्ल श्मिट या डॅनिश खलाशाचे पांढरे स्मारक वाळूतच उभे आहे. जवळच वेलंकनी मातेचे चर्च आणि लाटांच्या आवाजात न्हाणारे अष्टलक्ष्मीचे मंदिर. मरीनाच्या मानाने इथे गर्दी कमी, म्हणून लेकुरवाळी कुटुंबे हा किनारा पसंत करतात. आणि लेकरे आली की घोडेवालेही येतात.

चंदी, वैरण आणि पाणी

आता हिशोबाला बसू. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी आधी किलोंत मोजलेले बरे.

साधारण चारशे किलो वजनाचा घोडा धरा. त्याला रोज आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे आठ किलो. त्यात मोठा वाटा वैरणीचा, उरलेला चंदीचा: हरभरा, ओट, कोंडा, आणि दक्षिणेत हुलगे. तमिळमध्ये हुलग्यांना 'कोळ्ळु' म्हणतात. बारक्याला तीळ द्यावेत आणि जाड्याला हुलगे, अशी त्यांची एक म्हणच आहे. इंग्रजीत तर या कडधान्याच्या नावातच घोडा आहे.

रोजचे आठ किलो म्हणजे वर्षाला २,९२० किलो. जवळजवळ तीन टन! किलोमागे भाव दोन रुपयांनी वाढला, तर एका घोड्यामागे वर्षाला ५,८४० रुपये जास्त मोजावे लागतात. माणसाच्या घरात डाळ महागली की आमटी पातळ होते. घोड्याची वैरण तशी पातळ करता येत नाही. त्याचे पोट लहान आणि आतडे लांब, म्हणून त्याला थोडे थोडे, पण दिवसभर खावे लागते. दोन वेळा भरपूर आणि मध्ये उपास, ही रीत त्याला मानवत नाही. त्यातून पोटशूळ उठतो आणि घोड्याचा पोटशूळ जिवावर बेतू शकतो.

किनाऱ्यावर आणखी एक धोका असतो. वैरण वाळूवर टाकली की घासाबरोबर वाळूही पोटात जाते, आतड्यात साठते आणि पुन्हा तोच पोटशूळ. म्हणून जाणता मालक चंदी तोबऱ्यातून देतो आणि गवत गोणपाटावर किंवा टोपलीत टाकतो. खर्च काही रुपयांचा, पण त्याने घोडा वाचतो.

पाण्याचे माप याहून मोठे. दिवसाला तीस लिटर धरले तरी वर्षाला सुमारे अकरा हजार लिटर होतात, आणि चेन्नईच्या उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्या जनावराला तीस लिटर पुरत नाहीत. २०१९ च्या जूनमध्ये या शहराचे मोठे तलाव कोरडे पडले आणि घागरी घेऊन माणसे टँकरमागे धावत होती. त्या दिवसांत घोड्याची बादली भरणे म्हणजे काय, याची कल्पना कोणाही गृहिणीला करता येईल.

नालबंद, वैद्य आणि मोतद्दार

दुसरे कलम खुरांचे. खूर आपल्या नखांसारखे वाढत राहतात. साधारण सहा आठवड्यांनी नाल काढायचे, खूर तासायचे आणि नाल पुन्हा ठोकायचे. वर्षात नालबंदाच्या आठ-नऊ खेपा होतात, म्हणजे बत्तीस ते छत्तीस नाल. नाल न मारलेल्या घोड्याचेही खूर तासावेच लागतात. ही खेप चुकवली की घोडा लंगडू लागतो, आणि लंगडा घोडा कमवत नाही, नुसता खातो.

तिसरे कलम औषधपाण्याचे. धनुर्वाताची लस, पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध, वर्षातून एकदा दातांची तपासणी. घोड्याचे दात झिजताना कडेला टोके येतात, मग चावताना दुखते आणि चंदी तोंडातून सांडते. मालकाला वाटते, घोडा माजला! चेन्नईचे भाग्य असे, की वेपेरीला १९०३ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. पण आजारी घोडा तिथवर न्यायचा तर गाडीचे भाडे आलेच.

चौथे कलम सामानाचे. खाऱ्या हवेत खोगिराचे चामडे कडक होते, रिकिबी आणि कड्या गंजतात. ओला किंवा फाटका पट्टा पाठीला घासला की जखम होते. पाचवे कलम जागेचे आणि माणसाचे: रात्री बांधायला कोरडी, वारा खेळणारी जागा, रोज लीद काढणे, खरारा, चालवणे. मोतद्दार ठेवला तर त्याचा पगार. मालक स्वतःच राबत असेल तर ते श्रम हिशोबात कधी येतच नाहीत.

लहानपणी ऐकलेले कोडे सर्वांना आठवत असेल: भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. घोड्याला रोज फिरवावेच लागते, गिऱ्हाईक असो वा नसो.

आणि सहावे कलम बहुतेक जण विसरतात. ते म्हणजे अडीअडचणीची गंगाजळी.

दोन दिवस कमाई, सात दिवस खाणे

आता जमेची बाजू. किनाऱ्यावर खरी गर्दी शनिवारी आणि रविवारी. वर्षाचे ते १०४ दिवस. त्यात सणासुदीचे आणि सुट्ट्यांचे वीस दिवस मिळवले तर १२४ होतात. म्हणजे कमाईच्या एका दिवसाला जवळजवळ तीन दिवसांचे पोट भरायचे असते. त्यातही ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला ईशान्य मोसमी पावसाचा काळ. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत गिरिस्थाने फुललेली असतात, तेव्हा इथे कित्येकदा ढग भरलेले असतात. पावसात वाळूवर चिटपाखरू नसते, घोडा मात्र आठ किलो खातच असतो.

माथेरानच्या अश्वपालांना ही व्यथा सांगायला नको. तिथे मोटारींना बंदी, म्हणून घोडा ही महत्त्वाची सवारी. पण पावसाळ्यात नेरळहून वर चढणारी छोटी गाडी बंद होते, पर्यटक रोडावतात आणि चार महिन्यांची चंदी उन्हाळ्याच्या कमाईतून आधीच बाजूला काढावी लागते. मुंबईच्या व्हिक्टोरियांना तर उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवले आणि त्या घोड्यांचे व मालकांचे पुढे काय, हा प्रश्न मागे राहिला.

अड्यार आणि मरीनाच्या घोड्यांची सर्वांत कठीण परीक्षा २०२० मध्ये झाली. टाळेबंदीत मार्चमध्ये किनारे बंद झाले, ते १४ डिसेंबरला उघडले. जवळजवळ नऊ महिने जमेच्या बाजूला शून्य! प्राणिमित्र संस्थांनी आणि नागरिकांनी चारा पुरवला म्हणून अनेक जनावरे तगली. गंगाजळीचे सहावे कलम कशासाठी, ते त्या वर्षाने शिकवले.

जुने शहाणपण

मराठी माणसाला हा हिशोब नवा नाही. स्वराज्याच्या फौजेत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा, पण घोडा पोसण्याची जोखीमही त्याचीच. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मन मानेल तसे उधळाल तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, ती तुम्हीच मारली असे होईल, आणि मग सैनिक रयतेच्या घरात शिरतील, असा त्याचा आशय. वैरणीचे अंदाजपत्रक चुकले तर त्याची किंमत घोडा आणि गरीब शेतकरी दोघेही मोजतात, हे त्या राजाने ओळखले होते. याच तमिळ भूमीत तंजावरच्या मराठी राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्राची जुनी पोथी जपलेली आहे.

घोड्याच्या बाजूने कायदा व्हायला अड्यारचाच हात लागला. थिऑसॉफीच्या याच वातावरणात वाढलेल्या नृत्यांगना आणि 'कलाक्षेत्र'च्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडले आणि त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. मंडळाची कचेरी २०१८ मध्ये हरियाणात हलेपर्यंत चेन्नईतच होती. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेले नियम सांगतात: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांनंतर विश्रांती हवी, पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नको, तट्टाच्या पाठीवर सत्तर किलोंपेक्षा जास्त ओझे नको. फेरी मारायला निघालेल्या भरदार काकांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा!

उरलेली वीस वर्षे

तरी एक कलम कोणत्याच वहीत नीट बसत नाही, ते म्हणजे म्हातारपण. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. अड्यारपासून जवळच गिंडीचे शर्यतीचे मैदान. तिथून निवृत्त झालेले घोडे किनाऱ्यावर फेऱ्या मारायला येत. शर्यतीचा घोडा बहुधा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत मैदानाबाहेर पडतो, म्हणजे पुढची वीस वर्षे त्याला कोणीतरी पोसायचे असते. त्या मैदानाचीही कथा भाड्याचीच आहे. १९४५ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या १६० एकरांहून अधिक जागेचे मूळ वार्षिक भाडे होते सुमारे ६१४ रुपये. थकलेल्या वाढीव भाड्यापोटी सरकारची मागणी ७३० कोटींवर गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने पट्टा रद्द करून मैदानाला टाळे ठोकले. वाद न्यायालयात गेला.

तेव्हा 'घोडे खाई भाडे' ही म्हण खरी आहे. पण तिचा दोष घोड्याकडे जात नाही. तो खातो तेवढेच, जेवढे त्याच्या देहाला लागते. चूक होते ती मालकाच्या वहीत, जिथे फक्त कमाईचे दिवस लिहिलेले असतात. घोडा घ्यावासा वाटला तर आधी तीन टन वैरण-चंदी, अकरा हजार लिटर पाणी, नालबंदाच्या नऊ खेपा आणि पुढची वीस वर्षे मांडून पाहावीत. ते जमत नसेल तर किनाऱ्यावरची एक फेरी पुरे. फेरी मारण्याआधी घोड्याची पाठ, पाय आणि डोळे पाहावेत. जखम दिसली किंवा तो लंगडत असला तर बसू नये, आणि चांगल्या राखलेल्या घोड्याच्या मालकाशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये.

आठ वाजता गर्दी ओसरू लागते. मालक खोगिराचा पट्टा सैल करतो, खिशातल्या नोटा मोजतो आणि तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधतो. घोडा शांतपणे चघळू लागतो. आज रविवार होता. उद्या सोमवार, आणि उद्याचे आठ किलोही याच नोटांतून यायचे आहेत.