एक चव्वेचाळीस, दोन अडतीस

टू-स्ट्रोक इंजिन श्वास घेताना दिसत नाही, पण कार्बोरेटरच्या तोंडाजवळ तळहात नेला की कळतं. पिस्टन वर सरकला की खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते, रीड व्हॉल्व्हच्या पातळ पाकळ्या उघडतात आणि हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. पिस्टन खाली येऊ लागला की पाकळ्या मिटतात. मिनिटाला पाच-सहा हजार वेळा हे चालतं. उभ्यानं चालवायच्या जुन्या जेट स्कीला बहुधा दोन सिलिंडर असतात, त्यामुळे हे श्वासही दोन, एकाआड एक. दोघांना मिळून एकच तोंड द्यायचं की ज्याला त्याला आपलं वेगळं? माझ्या मते यंत्राचा सगळा स्वभाव या एका निर्णयावर ठरतो.

तारकर्लीला किंवा कळंगुटला आपण बघतो ती जेट स्की बसून चालवायची असते, मागे आणखी एकाला घेऊन. मी म्हणतोय ती वेगळी. तिला सीट नाही. मागे गुडघे टेकायला उघडा ट्रे, पुढे बिजागरीवर वरखाली होणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला हँडल. क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटोक्रॉसवाल्याच्या डोक्यातून ती निघाली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कावासाकीनं ती बाजारात आणली. ‘जेट स्की’ हे नाव कावासाकीचंच, पुढे लोकांनी ते सगळ्यांनाच लावलं. तिला उभं ठेवतो तो वेग. वेग गेला की माणूस पाण्यात, आणि शिकणारा तर पहिले काही दिवस पाण्यातच जास्त असतो. पोहत मागून यायचं, पोट ट्रेवर टाकायचं, रेस द्यायची, गुडघ्यावर यायचं, मग उभं राहायचं. पोट ट्रेवर असतानाची ती रेस ज्या इंजिनानं नीट उचलली नाही, त्याचे वरचे आकडे कितीही मोठे असोत, मला त्यांचं कौतुक नाही.

पाण्यात उलटीपालटी होणाऱ्या या यंत्राला स्कूटरचा कार्बोरेटर चालत नाही. स्कूटरच्या कार्बमध्ये वाटी असते आणि वाटीत फ्लोट. यंत्र आडवं झालं की वाटीतलं पेट्रोल सांडतं. म्हणून इथे डायफ्रामचा कार्ब लागतो. यामाहाच्या सुपरजेट या अशाच जुन्या उभ्या जेट स्कीवर मिकुनीचा सुपर बीएन असतो. झाकणाचे स्क्रू काढले की आत एक काळा पातळ पडदा दिसतो. त्याच्याखाली बोटाच्या पेराएवढी पितळी तरफ, तरफेच्या एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाखाली केसासारख्या तारेची स्प्रिंग. इंजिनानं हवा ओढली की पडदा आत दबतो, तरफ हलते, सुई उठते आणि पेट्रोल येतं. ही सुई किती दाबाला उठते ते छोट्या हातपंपानं आणि गेजनं मोजतात. स्प्रिंग बदलली की दाब बदलतो, दाब बदलला की पिकअप बदलतो. पेट्रोलचा पंपही कार्बच्याच अंगात असतो आणि क्रँककेसच्या धडधडीवर चालतो. वीज नाही, सेन्सर नाही. सुलट असो वा उलट, काम चालू. ज्यानं कोणी हे जुळवलं असेल त्याचे हात मला बघायला आवडले असते.

आता प्रश्न भाच्याचा. तो फिनिक्सला असतो आणि शनिवारी लेक हवासूला जातो. कोलोरॅडो नदीवर १९३८ साली पार्कर धरण झालं आणि वाळवंटात हे पाणी साठलं. जेट स्कीच्या शर्यतींची वर्ल्ड फायनल्स वर्षानुवर्षं याच काठावर होत आली. त्यानं जुनी सुपरजेट घेतली, यामाहाचं ७०१ सीसीचं इंजिन असलेली. १९९४ आणि ९५ च्या सुपरजेटमध्ये या इंजिनावर एकच कार्ब यायचा. १९९६ पासून अडतीस मिलिमीटरचे दोन येऊ लागले. विकणाऱ्यानं त्याला दोन्ही साज दिले: चव्वेचाळीसचा एक, आणि इंजिनाला जोडणाऱ्या मॅनिफोल्डसकट अडतीसची जोडी. त्यानं टेबलावर दोन्ही मांडून फोन कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘‘मामा, सांग. एक की दोन?’’

आकडे पहिल्यांदा फसवतात. चव्वेचाळीसच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १५२० चौरस मिलिमीटर. अडतीसचं एकेक ११३४, म्हणजे दोघांचं २२६८. दीडपट! पण दोन्ही सिलिंडर एकाच वेळी ओढत नाहीत. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडत असतो. कमी रेसवर एकेका श्वासाच्या वाट्याला जोडीतल्या एकाचं ११३४ येतं आणि एकट्याचं पुरं १५२०. शिवाय एकट्याला एका फेऱ्यात दोनदा ओढ मिळते, त्यामुळे त्याच्या गळ्यातली हवा फारशी थांबतच नाही. जोडीतला प्रत्येक कार्ब अर्धा वेळ नुसता वाट बघतो.

रेस वाढली की चित्र पालटतं. धावती हवा पिस्टन थांबला म्हणून लगेच थांबत नाही, ती मागून रेटत राहते. एकाचा श्वास संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो आणि तिथे एकटं तोंड अपुरं पडतं. जोडीला अडचण नसते. प्रत्येकाची वाट सरळ आणि आखूड. मध्ये मॅनिफोल्डचा फाटा नाही, त्या फाट्यावर पेट्रोल इकडे जास्त तिकडे कमी होणं नाही. बोयांभोवती शर्यत मारणाऱ्याचा रेसवरचा अंगठा बहुतेक वेळ पुरा दाबलेला असतो. त्यानं जोडीच लावावी. नीट जुळलेल्या जोडीचा पिकअप खालीसुद्धा धारदार असतो, हेही मी मान्य करतो.

पण ‘नीट जुळलेली’ या दोन शब्दांत किती संध्याकाळी जातात! आपल्याकडे ज्यांनी राजदूत ३५० पाळली त्यांना हे नव्यानं सांगायला नको. १९८३ साली एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी इथे आणली, तीही दोन सिलिंडर, दोन कार्ब, रीड व्हॉल्व्हची. कार्बच्या तोंडात एकेक बोट घालून मिस्त्री दुसऱ्या हातानं रेस फिरवायचा आणि डोळे मिटून बघायचा, दोन्ही बोटांखालचे स्लाइड एकदम उठतात का. एक जरा मागून उठला की गाडी सिग्नलवर थरथरायची, उचलताना मिसिंग मारायची. सुपरजेटवर स्लाइडऐवजी फुलपाखरू-झडपा असतात, एका स्क्रूनं एकमेकींना जोडलेल्या. मागून दिवा धरून दोन्हींच्या कडेची उजेडाची फट सारखी करायची. हे झालं की दोन पायलट जेट, दोन मेन जेट, दोन सुया, दोन स्प्रिंगा, आणि दोनाऐवजी चार स्क्रू.

आणि चूक झाली तर टू-स्ट्रोक ती पोटात घालत नाही. त्याचं वंगण पेट्रोलमधूनच येतं. जोडीतल्या एका कार्बच्या जेटमध्ये कण अडकला, की त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि टूटी ऑइलही कमी. मिश्रण लीन, उष्णता जास्त. दुसरा सिलिंडर आपला भाग व्यवस्थित ओढत असतो, आवाजही फारसा बदलत नाही, आणि अचानक पिस्टन सीझ. एकट्या कार्बमध्ये हाच कण अडकला तर दोघांचीही उपासमार होते, इंजिन तिथल्या तिथे कुरकुरतं, आणि अंगठा सोडायला बऱ्याचदा वेळ मिळतो. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, त्यानं हे पडदे कडक होतात, ते बदलत राहावं लागतं. एकाचं करणं वेगळं आणि दोघांचं वेगळं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, एक लाव. त्याला शर्यत मारायची नाही. त्याला पडायचंय, चढायचंय, दुसऱ्याच्या बोटीनं उठवलेल्या लाटेवरून उडायचंय. पाणी मागे फेकून यंत्र ढकलणारा पंप हवेत गेला की त्याच्यापुढचं पाणी सुटतं, इंजिन रिकामं किंचाळतं, अंगठा लगेच सोडावा लागतो आणि टेकताच पुन्हा दाबावा लागतो. तिथे खालचा, मधला पिकअप हवा. त्याच्याकडे शनिवारचा एक दिवस असतो, तो त्यानं गॅरेजात उजेडाची फट बघत घालवू नये असं मला मनापासून वाटतं. २०२० नंतर यामाहानं टू-स्ट्रोक सुपरजेट बंद केली. २०२१ पासूनच्या सुपरजेटला फोर-स्ट्रोक इंजिन आणि फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा प्रश्नच उरलेला नाही. जी जुनी यंत्रं आज पाण्यात आहेत ती ज्यांना समजतात त्यांच्याच हातून टिकणार. आणि माझा अनुभव असा की यंत्र समजायला एका कार्बनं सुरुवात करणं बरं.

‘‘मग जोडीचं काय करू? विकू?’’

विकायची अजिबात नाही. पडदे काढून वेगळे ठेव, पितळेला तेलाचा हात लाव, तोंडं कापडानं बंद कर. दोन-तीन वर्षांनी तुला बोयांभोवती फिरावंसं वाटलं तर तेव्हा मी येईन आणि आपण दोघं बसून जुळवू. चव्वेचाळीस लावताना मात्र मॅनिफोल्डचं पॅकिंग नवीन घाल. तिथून बाहेरची हवा शिरली तर सगळं ट्यूनिंग वाया. हाय स्क्रू, म्हणजे पुऱ्या रेसचं पेट्रोल ठरवणारा, पहिल्या दिवशी अर्धा आटा जास्तच उघडा ठेव, धूर झाला तरी चालेल. हवासूला ऑक्टोबरात सकाळची हवा गार असते, म्हणजे दाट, आणि दाट हवेत तेच सेटिंग लीन होतं. जुलैच्या दुपारी लावलेले स्क्रू तेव्हा चालणार नाहीत. पुरा अंगठा दाबून एक लांब धाव घे, धावतानाच मनगटाची दोरी, लॅनियार्ड, ओढून इंजिन बंद कर, तरंगत काठाला ये आणि दोन्ही प्लग काढून मला फोटो पाठव. दोघांचा रंग काळपट आणि सारखा असेल तर पाव आटा आत घे, तपकिरी आणि सारखा असेल तर तसाच राहू दे. पुढचा आणि मागचा वेगळा दिसला तर स्क्रूला हात लावू नकोस, आधी फोन कर.